गाडीत आणि प्रवासात ऐकायला म्युझिक प्लेअर कोणता घ्यायचा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदा गाडीच्या स्टिरिओला काय काय जोडता येतं ते बघा आणि मग प्लेअर शोधायला लागा. बरेच जण उलटं करतात, चांगला महागातला प्लेअर मागवतात आणि गाडीत बसल्यावर कळतं की ऑक्सचं, म्हणजे वायर लावायचं, भोकच नाहीये. आणि दुसरं म्हणजे बऱ्याच लोकांचं काम नीट लावलेल्या एका पेन ड्राइव्हवर भागतं, त्यामुळे खाली पेन ड्राइव्हबद्दल जरा जास्तच लिहिलंय.

फोनमध्ये सगळं असताना वेगळा प्लेअर कशाला पाहिजे?

सगळ्यांनाच पाहिजे असं अजिबात नाही. घर ते ऑफिस एवढंच जाणं-येणं असेल आणि रस्त्यात रेंज कुठे जात नसेल तर फोन पुरे. पण कोल्हापूरहून रत्नागिरीला आंबा घाटातून निघालात किंवा पुण्याहून ताम्हिणीतून खाली कोकणात उतरताय तर मध्येच रेंज जाते, गाणं अडकतं आणि स्क्रीनवर ती गोल चकरी फिरत बसते. कोकण रेल्वेत तर बोगद्यामागून बोगदे, रत्नागिरीजवळचा करबुडेचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे.

रेंजचं एक वेळ डाउनलोड करून भागेल, पण मला खरा त्रास वाटतो तो दुसराच. फोन एकाच वेळी रस्ता दाखवतो, कॉल घेतो, मेसेज आला की वाजतो. तबल्यावर तिहाई चाललीय, आता समेवर येणार, आणि नेमकं तेव्हाच "दोनशे मीटरवर डावीकडे वळा". शिवाय ज्याचा फोन जोडलेला तो पेट्रोल पंपावर उतरून लांब गेला की गाणीही त्याच्याबरोबर जातात. वेगळा प्लेअर असला की गाणी गाडीत राहतात, रस्ता फोन सांभाळतो आणि दोघांची बॅटरी वेगवेगळी संपते.

गाडीत नेमकं काय बघायचं?

चार गोष्टी. यूएसबी पोर्ट आहे का, आणि असेल तर तो गाणी वाचतो का नुसता चार्जिंगचा आहे. शेजारी गाण्याची खूण किंवा यूएसबीचा त्रिशूळ दिसला तर बहुतेक गाणी वाचणारा असतो, नुसतं विजेचं चिन्ह असेल तर चार्जिंगचा, पण चिन्हावर विसंबू नका, पेन ड्राइव्ह लावूनच बघा. मागच्या सीटचे पोर्ट जवळपास सगळे चार्जिंगचेच असतात. मग ऑक्स, म्हणजे साडेतीन मिलीमीटरचं गोल भोक, हे कधी डॅशबोर्डवर असतं कधी आर्मरेस्टच्या डब्यात लपलेलं असतं, आणि नव्या गाड्यांमध्ये ते काढूनच टाकत चाललेत. तिसरं ब्लूटूथ, पण इथे एक मेख आहे, काही जुन्या स्टिरिओंचं ब्लूटूथ फक्त कॉलपुरतं असतं, गाणी वाजवत नाही. चौथं कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो, ही दोन्ही फोन गाडीच्या स्क्रीनवर चालवण्यासाठी आहेत, म्युझिक प्लेअर घेताना त्यांचा विचार सोडून द्या.

गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल एकदा उघडा, ऑडिओच्या पानावर कोणत्या फायली चालतात, किती फोल्डर चालतात सगळं दिलेलं असतं.

मग पेन ड्राइव्हच लावला तर?

चांगलंच आहे की. त्यात बॅटरी नाही, चार्जिंग नाही, गाडी सुरू केली की जिथे थांबलं होतं तिथून पुढे. आणि आवाजही चांगला येतो, कारण फाईल थेट स्टिरिओ वाचतो, मध्ये ब्लूटूथची कापाकापी नाही. फक्त लांब दांडीचा घेऊ नका, गुडघा किंवा गिअरवरचा हात लागून पोर्ट सैल होतो, नखाएवढे छोटे मिळतात तो घ्या.

फॉरमॅट, म्हणजे पेन ड्राइव्हवर फायली मांडायची पद्धत, फॅट३२ ठेवा. नवे स्टिरिओ एक्सफॅट वाचतात पण जुने बरेचसे वाचत नाहीत, आणि एनटीएफएस तर फारच कमी ठिकाणी चालतं. विंडोजच्या बऱ्याच व्हर्जनमध्ये नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह गाडीत चालतच नाही. चालतो, रूफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने फॅट३२ करून घ्या. फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा त्यात फोटोबिटो असतील तर आधी काढून ठेवा.

कॉम्प्युटरवर गाणी क्रमाने दिसतात, गाडीत मात्र कशीही वाजतात. असं का?

कारण कॉम्प्युटर तुम्हाला नावाप्रमाणे लावून दाखवतो, पेन ड्राइव्हवर आतमध्ये मात्र ज्या क्रमाने फायली लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने नोंद होते, आणि बरेच स्टिरिओ ती नोंद वरून खाली जशीच्या तशी वाजवत जातात. तुम्ही एक गाणं पुसून तिथे दुसरं टाकलं की नवीन गाणं रिकाम्या झालेल्या जागी जाऊन बसतं आणि क्रम आणखी बिघडतो.

एखाद्याला मिसळ गाणी ऐकायची असतील तर काही फरक पडत नाही, पण एखादी अख्खी मैफल असेल, किंवा नाटकातली पदं प्रवेशाच्या क्रमाने, तर भैरवी पहिली वाजली की सगळ्याचा विचका होतो. त्यावर उपाय असा, प्रत्येक फाईलच्या नावाआधी ०१, ०२, ०३ असे आकडे इंग्रजी अंकांत टाका, शून्य विसरू नका, नाही तर १ नंतर १० वाजतं आणि २ त्याच्याही मागे जातं. मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा. नाही तर फॅटसॉर्टरसारखं छोटं सॉफ्टवेअर मिळतं, ते आतली नोंदच नावाप्रमाणे लावून देतं.

मॅकवाल्यांना अजून एक भानगड असते, मॅक प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी एक लपलेली फाईल पेन ड्राइव्हवर ठेवतो आणि स्टिरिओ तिलाही गाणं समजून वाजवायला जातो, म्हणून दर गाण्याआधी "फाईल वाचता येत नाही" असं येतं. त्या लपलेल्या फायली पुसल्या की बंद होतं.

गाण्याचं नाव मराठीत टाकलं तर चौकोन दिसतात...

स्टिरिओमध्ये देवनागरीचा फॉन्ट नसतो, दुसरं काही नाही. जुन्या सिंगल-डिन, म्हणजे एका पट्टीएवढ्या उंचीच्या, डेकवर तर कधीच दिसणार नाही. फाईलचं नाव आणि आतले टॅग (फाईलमध्येच लिहिलेली गाणं, गायक वगैरेंची नावं) दोन्ही रोमन लिपीत करा, एमपी३टॅग नावाचं सॉफ्टवेअर आहे त्यात अख्खा फोल्डर एकदम होतो. घरच्या कॉम्प्युटरवर मूळ मराठी नावांची प्रत ठेवा, ती रोमन करून टाकू नका, मला तरी आपल्या संग्रहातलं नाव आपल्या लिपीतच असलेलं बरं वाटतं.

एक गाणं कानात ओरडतं, पुढचं ऐकूच येत नाही

वेगवेगळ्या काळातली रेकॉर्डिंग एकत्र केली की हे होणारच. साठच्या दशकातलं भावगीत आणि आत्ताचं सिनेमातलं गाणं यांच्या आवाजाची पातळीच वेगळी. प्लेअर किंवा फोनच्या ॲपमध्ये गाण्यांची पातळी सारखी करणारी रिप्लेगेन नावाची सेटिंग असते ती चालू करा. पेन ड्राइव्हला मात्र तो इलाज चालत नाही, कारण गाडीचे स्टिरिओ बहुतेक वेळा रिप्लेगेनचे टॅग वाचतच नाहीत. तिथे एमपी३गेन वापरायचं, ते फाईलमधलीच पातळी बदलतं, पुन्हा एन्कोड न करता, त्यामुळे क्वालिटी तशीच राहते आणि पाहिजे तेव्हा मागेही घेता येतं. ते ८९ डेसिबलचा आकडा धरून चालतं, तोच ठेवा. बदल दीड-दीड डेसिबलच्या टप्प्यांनी होतो, गाडीत ते कानाला कळतही नाही.

ख्याल ऐकणाऱ्यांना वेगळा प्रश्न येतो. सुरुवातीची आलापी इतकी हळू असते की टायरच्या आवाजात बुडून जाते, म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि द्रुतात आलं की दचकायला होतं. हे एमपी३गेनने सुटणार नाही, कारण फरक एकाच रेकॉर्डिंगच्या आत आहे. बऱ्याच गाड्यांत वेगाबरोबर आवाज आपोआप वाढवणारी सेटिंग असते ती थोडी मदत करते, काही अँड्रॉइड ॲपमध्ये कॉम्प्रेसर, म्हणजे हळू-मोठ्यातला फरक कमी करणारी सेटिंग, असतो तो गाडीपुरता चालू करा. नाही तर मी करतो तसं, विलंबित ख्याल रात्री रिकाम्या रस्त्यासाठी ठेवायचा आणि दिवसा ट्रकांच्या गर्दीत नाट्यगीतं, लावण्या, अभंग.

एमपी३ की फ्लॅक? किती जीबी लागतील?

एमपी३ मध्ये गाणं काटछाट करून लहान केलेलं असतं, फ्लॅकमध्ये काही न गमावता. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती डेटा, आकडा मोठा तेवढी काटछाट कमी. ३२० केबीपीएसचा एमपी३ मिनिटाला साधारण २.४ एमबी खातो, १२८ चा साधारण एक एमबी. म्हणजे ३२ जीबीत ३२० ची गाणी दोनशे तासांच्या वर बसतात. सीडीवरून काढलेलं फ्लॅक मिनिटाला पाच-सहा एमबी, रेकॉर्डिंगप्रमाणे कमी-जास्त.

चालत्या गाडीत इंजिन, एसी आणि रस्त्याच्या आवाजात ३२० चा एमपी३ आणि फ्लॅक यातला फरक ऐकू येणं फार कठीण आहे, आणि हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षाही बारकाईचं, म्हणून जे विकतात त्यासाठी गाडीपुरते पैसे घालवू नका. घरच्या संग्रहाला फ्लॅक ठेवा, जरूर ठेवा, त्यातून पुढे काहीही बनवता येतं. गाडीला त्याचीच एमपी३ प्रत. पण १२८ चं कुठून तरी उतरवलेलं गाणं ३२० करून काही मिळत नाही, गेलेलं परत येत नाही, फक्त फाईल मोठी होते.

ब्लूटूथ बरं की ऑक्सची वायर?

आवाजासाठी वायर, सोयीसाठी ब्लूटूथ. प्लेअरच्या खोक्यावर एलडॅक, ॲप्टएक्स असं काही काही लिहिलेलं असतं, ही ब्लूटूथवरून गाणं पाठवायच्या पद्धतींची म्हणजे कोडेकची नावं, एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातो हे खरं, पण दुसऱ्या टोकाला तोच कोडेक पाहिजे ना, आणि गाड्यांचे स्टिरिओ बहुतांश एसबीसी आणि एएसी या नेहमीच्या कोडेकवरच असतात. म्हणजे एलडॅकचे पैसे हेडफोनसाठी द्यायचे असतील तर द्या, गाडीसाठी नको.

वायर लावताना प्लेअरला लाइन आउट, म्हणजे स्टिरिओला जोडायची वेगळी सोय, असेल तर ती वापरा. हेडफोनच्या जॅकमधून जोडत असाल तर प्लेअरचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवून बाकीचं गाडीच्या नॉबने करा, उलटं केलंत तर नुसती खरखर मोठी होते.

चार्जिंगला लावलं की स्पीकरमधून कुईं असा आवाज येतो, ॲक्सिलरेटर दिला की वाढतो

याला ग्राउंड लूप म्हणतात. चार्जर आणि ऑक्स दोन्हीकडून गाडीच्या बॉडीशी अर्थिंग जोडलं जातं आणि इंजिनवर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज त्या फेऱ्यातून स्पीकरमध्ये शिरतो. प्लेअर बिघडलेला नाही, बदलून आणायला पळू नका. आधी चार्जरची वायर काढून बघा, आवाज गेला म्हणजे हेच. मग ऑक्सच्या वायरीत लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, छोटीशी डबी असते, काही शेकड्यांत येते, तो बसवा. किंवा निघतानाच प्लेअर पूर्ण चार्ज करून ठेवा.

माझी गाडी जुनी आहे, एफएम रेडिओ आणि कॅसेट, बाकी काही नाही

कॅसेटचा डेक चालू असेल तर कॅसेट ॲडॉप्टर शोधा, कॅसेटच्या आकाराचा असतो आणि त्याची वायर प्लेअरला लागते, आवाज एफएम ट्रान्समीटरपेक्षा चांगला येतो. नुसता रेडिओ असेल तर सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा आणि प्लेअरची गाणी रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर. गावाकडे हा मस्त चालतो, पण मुंबई-पुण्यात मोकळी फ्रिक्वेन्सी मिळता मिळत नाही आणि शहर बदललं की पुन्हा ट्यून करत बसा. गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवणार असाल तर सरळ यूएसबी आणि ब्लूटूथचा साधा स्टिरिओ बसवून घ्या, महागड्या प्लेअरपेक्षा ते पैसे जास्त कामाला येतात.

सांगा बरं, कोणता प्लेअर घेऊ?

गाडीत हाताला बटणं लागली पाहिजेत, हा माझा पहिला निकष. नुसता टचस्क्रीन असलेला प्लेअर खड्ड्यांच्या रस्त्यावर वापरणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं आहे. बाजूला पुढे, मागे, थांब अशी बटणं असलेलाच बघा. दुसरं, मेमरी कार्डाची जागा पाहिजेच पाहिजे.

कमी पैशात फिओच्या स्नोस्काय इको मिनीसारखे छोटे प्लेअर आहेत, दिसायला कॅसेटसारखा, बटणांवर चालतो, कार्ड बसतं, अँड्रॉइडची भानगड नाही. त्याच्या वर हायबी, शॅनलिंग, फिओ यांचे बरेच प्रकार आहेत. सोनीचा वॉकमन अजून निघतो हे पुष्कळांना माहीतच नसतं, पहिला वॉकमन १९७९ चा, आणि एनडब्ल्यू-ए३०६ हा त्याच घराण्यातला २०२३ चा. अँड्रॉइडवर चालतो म्हणजे वायफायवर स्ट्रीमिंगचे ॲपही टाकता येतात, बाजूला खरी बटणं आहेत, बॅटरी कंपनीच्या सांगण्याप्रमाणे साध्या फ्लॅकवर ३६ तासांपर्यंत. आतली ३२ जीबी जागा बरीचशी सिस्टीमच खाते, तेव्हा कार्डाचा खर्च धरूनच चला. पण नुसत्या गाडीसाठी तो घेऊ नका. ट्रेन, विमान, रात्री झोपताना असं रोजचं चांगल्या इअरफोनवरचं ऐकणं असेल तरच त्याचे पैसे वसूल होतात.

जुना आयपॉड मिळतोय, घेऊ का?

आयपॉड २००१ ला आला आणि ॲपलने २०२२ च्या मे महिन्यात तो बंद केला, म्हणजे जो मिळेल तो जुनाच, बॅटरी दमलेली. क्लासिक मॉडेलमध्ये फिरती हार्ड डिस्क असते, धक्के तिला मानवत नाहीत. बॅटरी बदलून आणि हार्ड डिस्क काढून मेमरी कार्ड बसवून देणारे लोक आहेत, तसा मिळाला तर खुशाल घ्या, ती गोल चाकती न बघता अंगठ्याने चालते आणि त्या बाबतीत तिला अजून तोड नाही.

कपाटातला जुना फोन चालेल?

चालेल, आणि बहुतेकांना मी हेच सुचवतो. सिम काढा, सगळे ॲप उडवा, एअरप्लेन मोड लावून फक्त ब्लूटूथ चालू करा. प्लेअर म्हणून म्युझिकोलेट टाका, त्याला इंटरनेट लागतच नाही. हेडफोनचा जॅक असलेला फोन असेल तर सोन्याहून पिवळं. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो फोन गाडीत ठेवायचाच नाही, विषय संपला.

स्पॉटिफायवर डाउनलोड केलेली गाणी पेन ड्राइव्हवर टाकता येतात का?

नाही. ती कुलूप लावलेली असतात, त्या ॲपमध्येच वाजतात. डाउनलोडसाठी पैसे भरलेला प्लॅन लागतो आणि ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. आपल्या मालकीच्या फायली पाहिजेत तर घरातल्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवा, बँडकॅम्पसारख्या ठिकाणी विकत घ्या. तुमच्या घरात जुन्या सीडी आणि कॅसेट पडून असतील तर त्या आत्ताच उतरवून घ्या, कॅसेटची फीत दर पावसाळ्यात थोडी थोडी जाते आणि त्यातली आकाशवाणीवरून भरून ठेवलेली कितीतरी रेकॉर्डिंग कुठल्याच ॲपवर नाहीत.

कीर्तन, प्रवचन, ऑडिओबुक दोन-दोन तासांची असतात, मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून

प्लेअर घेताना रिझ्यूम किंवा बुकमार्क आहे का ते दुकानातच तपासा, दोन वेगळ्या फायली अर्ध्यावर सोडून दोन्हींची जागा लक्षात राहते का तेही. गाडीच्या स्टिरिओचा भरवसा नाही, काही लक्षात ठेवतात, काही नाही. मोठी फाईल वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत कापली तर कुठेही चालते.

आईबाबांना प्रवासात द्यायला काय बरं?

सारेगामा कारवाँ २०१७ पासून मिळतो, त्यात ५००० गाणी भरलेली येतात, मराठी गाण्यांचाही वेगळा आहे. चाक फिरवलं की गाणं लागतं, शिकवावं लागत नाही, म्हणून घरात तो उत्तमच. बॅटरी साधारण पाच तास. पण मूळ मॉडेल हा स्पीकर आहे, त्याचं ब्लूटूथ फोनवरून गाणी घ्यायला आहे, गाडीच्या स्टिरिओला पाठवायला नाही. गाडीत बसवायचं असेल तर त्यांच्या आवडीचा वेगळा पेन ड्राइव्ह करून द्या. माझ्या आईच्या पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरच वेळेप्रमाणे आहेत, पहिला भूपाळ्यांचा, मग अभंग, मग भावगीतं, शेवटचा रात्रीचा, आणि स्टिरिओवर फोल्डर पुढे सरकवायचं बटण कोणतं एवढंच तिला दाखवलंय, त्यावर लाल टिकली चिकटवून ठेवलीय. ती मागे बसत नाही आता, पुढेच बसते.

ट्रेन, एसटी, विमान यासाठी अजून काही?

इअरफोन प्लेअरपेक्षा महत्त्वाचे आहेत. कानात घट्ट बसणारे रबरी बोंडांचे घ्या, बाहेरचा आवाज अडला की कमी आवाजात भागतं, कान वाचतात. गाडी किंवा बाइक चालवताना मात्र दोन्ही कानांत काहीही घालू नका, हॉर्न ऐकू आला पाहिजे. विमानात पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत ठेवा, १०० वॉट-अवरच्या आतला.

प्लेअर गाडीतच सोडून गेलं तर चालेल का?

उन्हाळ्यात नको. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरच ४५ च्या पुढे जातं, काचा लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त. लिथियमच्या बॅटरीला ते सोसत नाही, फुगते. ठेवायचाच तर ग्लोव्ह बॉक्समध्ये, पण उतरताना खिशात टाकलेला बरा. पेन ड्राइव्हला बॅटरी नाही म्हणून तो बराच तग धरतो, तरी त्याची प्रत घरी असू द्या.

स्वस्तात ५१२ जीबी, १ टीबीची कार्डं दिसतात, घ्यावी का?

किंमत बाजारभावापेक्षा खूपच कमी असेल तर ते खोटं कार्ड समजा. आत प्रत्यक्षात ८ किंवा १६ जीबी असतात आणि कॉम्प्युटरला मोठा आकडा दाखवायची सोय केलेली असते, जागा संपली की पुढची गाणी टाकली जातात असं दिसतं पण वाजत नाहीत. कोणतंही नवीन कार्ड आणलं की गाणी भरायच्या आधी एचटूटेस्टडब्ल्यू या फुकट सॉफ्टवेअरने तपासा, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. सकाळी एरर दिसली तर परत करायची मुदत असते तोवरच करून टाका.